छोट्या पडद्यावरील कुस्तीचा इतिहास १९८५ च्या बराच आधी सुरू होतो

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत व्यावसायिक कुस्तीच्या दूरचित्रवाणीवरील प्रवासाविषयीचा लेख वाचला. खानदेशातील वृत्तपत्राने या विषयाला एवढी जागा द्यावी याचा मनापासून आनंद झाला. आमच्या भागात ज्यांचे बालपण नव्वदच्या दशकात गेले, त्यांना हल्क होगन, अंडरटेकर आणि ब्रेट हार्ट यांची उंची-वजने पत्त्यांच्या खेळामुळे तोंडपाठ होती. तरीही या साऱ्याकडे कोणी इतिहास म्हणून पाहिले नव्हते. मात्र लेखातील दोन विधाने तशीच सोडून देणे मला योग्य वाटत नाही. एक विधान असे की, छोट्या पडद्यावरील कुस्तीचे पर्व ३१ मार्च १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील पहिल्या रेसलमेनियाने, म्हणजे अमेरिकी व्यावसायिक कुस्तीच्या वार्षिक महासोहळ्याने, सुरू झाले. दुसरे असे की, दूरचित्रवाणीनेच खऱ्या कुस्तीची नुराकुस्ती, म्हणजे आधी निकाल ठरवून खेळलेली कुस्ती, केली. घटनाक्रम पाहता ही दोन्ही विधाने टिकत नाहीत. आज आपल्याकडच्या यात्रांतील कुस्त्यांच्या दंगली मोबाइलवर थेट दाखवल्या जात आहेत. अशा वेळी अमेरिकेच्या १९५० च्या दशकातील अनुभव आपल्याला थेट उपयोगी पडणारा आहे, आणि इतिहासाची सुरुवात १९८५ ला धरली की नेमका तोच नजरेआड होतो.

दुसऱ्या विधानाचा आधी विचार करतो. लंडनमध्ये १९१० साली गामा पहिलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिस्को यांची जी प्रसिद्ध लढत झाली, तीत झ्बिस्को अडीच तासांहून अधिक वेळ बहुतांशी पोटावर पडून राहिला आणि गामांना तो चीत करता आला नाही. लढत खरी होती, म्हणूनच ती अशी झाली. (पुढे १९२८ साली पतियाळा येथे गामांनी त्याच झ्बिस्कोला मिनिटाच्या आत अस्मान दाखवले, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच.) तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला अशा लढती पुन्हा पुन्हा पाहायला लावणे कोणत्याही आयोजकाला परवडणारे नव्हते. अमेरिकेत १९२० च्या दशकात एड ‘स्ट्रँग्लर’ लुईस हा खरोखरीचा बलाढ्य मल्ल, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी यावर उपाय काढला. त्यांनी लढतींना वेळेची मर्यादा घातली, डावांना वेग दिला आणि निकाल आधी ठरवून गावोगाव तोच ताफा फिरवला. न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाने तर १९३० च्या दशकातच अशा लढतींची जाहिरात स्पर्धा म्हणून न करता प्रदर्शन म्हणून करावी, असे बंधन घातले होते. त्या वेळी दूरचित्रवाणी जवळजवळ कोणाच्याच घरात नव्हती. छोट्या पडद्याला कुस्ती मिळाली ती आधीच ठरवून खेळली जाणारी, आणि हे जाणकारांना माहीतही होते.

मग छोट्या पडद्याने काय केले? दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत दूरचित्रवाणी केंद्रे सुरू होऊ लागली, तेव्हा त्यांच्यापाशी दाखवायला फारसे काही नव्हते. कॅमेरे अवजड, एका जागी रोवलेले आणि भरपूर प्रकाश मागणारे होते, तर संचाचा पडदा दहा-बारा इंचांचा होता. त्या पडद्यावर बेसबॉलचे मैदान दाखवले तर चेंडू दिसत नसे. कुस्तीचा रिंगण मात्र लहान, वरून दिव्यांनी उजळलेला, आणि त्यात माणसे दोन. नेपथ्य नको, लेखक नको, तालीम नको. कॅमेरे एकदा नीट लावले की दोन तासांचा कार्यक्रम अल्प खर्चात तयार. मुष्टियुद्धालाही हेच लागू होते, पण तिथे लढत पहिल्याच फेरीत संपली तर उरलेल्या वेळेचे करायचे काय, असा प्रश्न येत असे. ठरवून खेळलेल्या कुस्तीत तोही प्रश्न नव्हता. सुरुवातीला संच घरांपेक्षा मद्यगृहांत अधिक दिसत आणि लोक तिथे उभ्याने कुस्ती पाहत. १९५० साली अमेरिकेतील सुमारे ९ टक्के घरांत दूरचित्रवाणी संच होता. पाच वर्षांत हे प्रमाण ६४ टक्क्यांच्या पुढे गेले. हे संच दुकानातून घरी आणण्यात कुस्तीचा वाटा मोठा होता, आणि आपल्या लेखात याचा साधा उल्लेखही नाही याची मला खंत वाटते.

या काळाचा चेहरा म्हणजे गॉर्जस जॉर्ज. नेब्रास्कात जन्मलेला जॉर्ज वॅग्नर हा अंगापिंडाने काही राक्षसी नव्हता. सोनेरी रंगवलेले कुरळे केस, झगमगता झगा, पुढे चालणारा सेवक, तो रिंगणात फवारत असलेले अत्तर आणि पार्श्वभूमीला पदवीदान समारंभात वाजवली जाणारी धून, अशा थाटात तो येई, आणि त्याच्या आगमनालाच कधी कधी लढतीएवढा वेळ लागे. ११ नोव्हेंबर १९४७ रोजी तो प्रथम दूरचित्रवाणीवर दिसला असे मानले जाते. लोक त्याला हरताना पाहायला येत आणि तो हरेपर्यंत पुन्हा पुन्हा येत राहत. तरुण मुष्टियोद्धा कॅशिअस क्ले, म्हणजेच पुढचे महंमद अली, यांना १९६१ साली लास व्हेगासमध्ये त्याची गाठ पडली आणि आपल्या वाचाळपणाचे श्रेय त्यांनी स्वतः जॉर्जला दिलेले आहे. हेच अली पुढे १९७६ साली टोकियोत अंतोनियो इनोकी यांच्याशी पंधरा फेऱ्यांच्या अनिर्णित लढतीत उतरले आणि १९८५ च्या रेसलमेनियात विशेष पंच म्हणून उभे राहिले. तेव्हा १९८५ च्या त्या रात्रीत १९४७ चा धागा असा प्रत्यक्ष विणलेला आहे.

परंतु हा काळ केवळ अत्तर आणि झग्यांचा होता असेही समजू नये. ड्युमाँट या दूरचित्रवाणी जाळ्यावर १९४९ ते १९५५ या काळात शिकागोच्या मॅरिगोल्ड सभागृहातून शनिवारी रात्री कुस्त्या दाखवल्या जात. आयोजक होते फ्रेड कोहलर आणि समालोचक जॅक ब्रिकहाउस. या कार्यक्रमातून देशभर नाव झालेला व्हर्न गॅन्या हा अमेरिकी विद्यापीठांचा राष्ट्रीय विजेता होता आणि १९४८ च्या ऑलिंपिक संघात त्याची राखीव मल्ल म्हणून निवड झाली होती. त्या काळचा विश्वविजेता लू थेझ तर त्याहून श्रेष्ठ. कोणी ठरलेल्या निकालाला नकार देऊन खरोखर लढायला लागलाच, तर त्याला चटईवर आवळून शांत करू शकेल असा मल्लच विजेता असला पाहिजे, अशी आयोजकांची धारणा होती आणि थेझ त्या कसोटीला उतरत असे. आपल्याकडे ज्याला ‘खानदानी पहिलवान’ म्हणतात, त्या प्रकारचा हा माणूस होता. त्याचा निकाल ठरलेला असे, पण त्याचा पट, त्याची पकड आणि त्याचा दम यांत कसलीही बनावट नव्हती.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र लिहितो आहे, त्याकडे वळतो. फेब्रुवारी १९४९ मध्ये जॉर्जला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये उतरवण्यात आले. तिथे बारा वर्षांनी कुस्ती होत होती आणि अमेरिकेतील घराघरांत ठाऊक झालेला मल्ल समोर होता. पण अठरा हजार लोक मावतील अशा त्या सभागृहात चार हजारांच्या आसपासच प्रेक्षक आले. पडद्यावर फुकट दिसणारा माणूस पैसे मोजून पाहायला लोक येतीलच असे नाही, हे इतक्या लवकर दिसून आले होते. तरीही पुढची पाच-सहा वर्षे आयोजक आपल्या सर्वोत्तम जोडी कॅमेऱ्यापुढे लावत राहिले, कारण जाहिरातदारांचा पैसा हातात पडत होता. शहरोशहरी स्थानिक मल्लांच्या कुस्त्या पाहायला जाणारा प्रेक्षक शनिवारी रात्री घरी थांबू लागला. ज्यांना शिकागोच्या पडद्यावर स्थान नव्हते ते स्थानिक मल्ल लोकांना दुय्यम वाटू लागले आणि लहान सभागृहे ओस पडली. पाहता पाहता राष्ट्रीय जाळ्यांनाही या खेळाचा कंटाळा आला. १९५५ संपेपर्यंत तो त्यांच्यावरून जवळजवळ उतरला होता आणि १९५६ साली तर ड्युमाँट जाळेच बंद पडले.

जे आयोजक या पडझडीतून वाचले ते वेगळ्या रीतीने वाचले, आणि ती रीत मला आजही शहाणपणाची वाटते. त्यांनी दूरचित्रवाणीवर मुख्य कुस्ती दाखवणे बंद केले. सेंट लुईस येथे चेझ हॉटेलच्या दालनातून १९५९ ते १९८३ अशी चोवीस वर्षे चाललेला कार्यक्रम याचा उत्तम नमुना आहे. सॅम मुचनिक हे त्याचे आयोजक. तिथे प्रेक्षक सभ्य पोशाखात येऊन बसत. पडद्यावर बहुधा नामवंत मल्ल आणि नवखा मल्ल अशी जोड लागे, नामवंताचे डाव जवळून पाहायला मिळत, मग तो ध्वनिक्षेपकासमोर येऊन प्रतिस्पर्ध्याला आव्हान देई आणि ही लढत अमुक रात्री शहरातील सभागृहात होईल असे सांगितले जाई. जे पाहण्याची उत्कंठा लागली ते पाहायचे तर तिकीट काढून जावे लागे. मेम्फिससारख्या शहरात तर शनिवारी सकाळी स्टुडिओत कार्यक्रम आणि सोमवारी रात्री सभागृहात कुस्ती, हा क्रम वर्षानुवर्षे सुरू होता. एवढ्या एका शिस्तीवर तिकडच्या प्रादेशिक कुस्तीचा संसार तीस वर्षे चालला.

जपानची कथा निराळी आहे आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील ती सर्वांत उत्कट कथा आहे. तिथे नियमित दूरचित्रवाणी १९५३ साली सुरू झाली. संच सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा होता, म्हणून निप्पॉन टेलिव्हिजनने टोकियोत चौकाचौकांत, रेल्वे स्थानकांसमोर उंचावर संच बसवले. १९ फेब्रुवारी १९५४ रोजी रिकीडोझान आणि मासाहिको किमुरा ही जोडी शार्प बंधूंविरुद्ध उतरली, तेव्हा शिंबाशी स्थानकासमोरच्या चौकात हजारो लोक माना वर करून उभे होते. युद्धात पराभूत झालेला देश, अमेरिकी सैन्याचा अंमल उठून दोन वर्षेही झालेली नाहीत, आणि समोर एक काळ्या घट्ट विजारीतला मल्ल धिप्पाड गोऱ्या मल्लांना हाताच्या पात्याने तडाखे देऊन मागे रेटतो आहे. हा रिकीडोझान मुळात कोरियात जन्मलेला होता, हे त्या गर्दीतील बहुतेकांना ठाऊक नव्हते. ऑक्टोबर १९५७ मध्ये लू थेझ टोकियोत त्याच्याशी साठ मिनिटे लढला. कुस्ती बरोबरीत सुटली आणि त्या प्रक्षेपणाची प्रेक्षकसंख्या ८७ टक्के नोंदली गेली. एखाद्या देशाने कुस्तीसाठी दूरचित्रवाणी स्वीकारली असे म्हणण्याजोगे हे उदाहरण आहे, आणि ते रेसलमेनियाच्या अठ्ठावीस वर्षे आधीचे आहे.

ब्रिटनमध्येही १९५५ पासून आयटीव्ही या वाहिनीवर कुस्ती होती आणि १९६५ नंतर वीस वर्षे शनिवारी दुपारी चारची वेळ तिच्यासाठी राखलेली असे.

आपल्या देशात काय घडले, हे मात्र लेखात अजिबात आलेले नाही. याच लू थेझशी १९६८ साली मुंबईत दारासिंग लढले आणि जिंकले. ज्याची टोकियोतील कुस्ती अवघ्या जपानने पाहिली होती, तो मल्ल आपल्या राज्याच्या राजधानीत येऊन गेला. पण मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. दिल्लीत १९५९ पासून प्रक्षेपण होते, तेही मर्यादित. म्हणजे दारासिंग आणि मल्ल किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल लढतींचा सारा भराचा काळ आपल्याकडे कॅमेऱ्याविना गेला. खानदेशात दारासिंग पोहोचले ते भिंतीवरच्या पत्रकांतून, वर्तमानपत्रांच्या वृत्तांतातून आणि पुढे हिंदी चित्रपटांतून. दूरदर्शन इकडे घराघरांत रुजले ऐंशीच्या दशकात, आणि व्यावसायिक कुस्ती आली ती १९९१ नंतर उपग्रह वाहिन्यांबरोबर, थेट अमेरिकेहून, मधल्या चाळीस वर्षांची काहीच ओळख नसताना. १९८५ हेच आरंभवर्ष वाटण्याचे कारण माझ्या मते हे आहे. आपण ज्या वेळी पाहू लागलो, त्याच्या थोडे आधी जे घडले तेच आपल्याला आरंभ वाटले.

पहिल्या रेसलमेनियाचे महत्त्व मी कमी लेखत नाही. रेसलमेनियाचे आयोजक व्हिन्स मॅकमहन यांनी वडिलांची कुस्तीसंस्था १९८२ मध्ये विकत घेतली आणि दुसऱ्याच्या मुलुखात जायचे नाही हा आयोजकांमधील जुना संकेत मोडून आपले कार्यक्रम देशभरच्या केंद्रांवर लावले. रेसलमेनियाचे नावीन्य होते ते व्यापारात आणि गाण्या-चित्रपटांतील तारकांना कुस्तीच्या रिंगणात आणण्यात. बंदिस्त प्रक्षेपणाद्वारे सभागृहांतील पडद्यांवर कुस्ती दाखवण्याची कल्पनाही त्यांची नव्हे. नोव्हेंबर १९८३ मध्ये अमेरिकेतील ग्रीन्सबरो शहरातल्या स्टारकेड या कुस्तीसोहळ्याने ती यशस्वी करून दाखवली होती. रेसलमेनियाने केलेली मोठी गोष्ट म्हणजे प्रादेशिक आयोजकांची ती तीस वर्षांची घडी मोडली. काही वर्षांतच बहुतेक प्रादेशिक संस्था बंद पडल्या किंवा विकल्या गेल्या.

हे सारे खानदेशातील वाचकांपुढे मांडण्याचे कारण असे. चैत्र-वैशाखातील आमच्या यात्रांमध्ये कुस्त्यांची दंगल अजूनही भरते. दुपारी नारळावरच्या लहान मुलांच्या कुस्त्यांनी सुरुवात होते, हलगी वाजत राहते, पंच जोडी लावतात, एखादी निकाली कुस्ती झाली की प्रेक्षकांतून कोणी उठून पन्नास-शंभर रुपयांचे इनाम पोराच्या हातात ठेवतो आणि दिवस मावळताना मानाची कुस्ती लागते. चाळीसगाव तालुक्यातील सायगावचे विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी झाले. असे मल्ल घडण्यासाठी आधी ही मैदाने लागतात. गेल्या काही वर्षांत अनेक दंगलींचे थेट प्रक्षेपण मोबाइलवर होऊ लागले आहे आणि त्यात तरुणांचा उत्साह कौतुकास्पद आहे. पण क्रीडाशिक्षक म्हणून सारी नोकरी याच भागात केल्यामुळे मला त्यात दोन बदल स्पष्ट दिसतात. मैदानाभोवतीचे कडे विरळ होत आहे, आणि यात्रा समित्या परगावच्या अशा पहिलवानांना मोठे मानधन देऊन बोलावू लागल्या आहेत, ज्यांची ख्याती डावांपेक्षा चित्रफितींतील उड्या आणि हावभावांवर उभी आहे. हे मल्ल मेहनत घेतात, लोकांना आनंद देतात, त्यांच्याविषयी माझ्या मनात अनादर नाही, जॉर्जविषयीही नाही. परंतु वर्गणीतला मोठा वाटा त्या एका जोडीवर गेला की आसपासच्या दहा-वीस गावांच्या तालमींतून आलेल्या पोरांच्या इनामाला कात्री लागते. कडे विरळ झाले की उत्स्फूर्त इनामही आटते, आणि ज्या पोराचा खुराक या दोन पैशांवर चालतो तो पुढच्या वर्षी लंगोट बांधत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतील लहान सभागृहांत जे झाले, ते अगदी याच क्रमाने झाले.

म्हणून यात्रा समित्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी सेंट लुईसची रीत आपल्या परीने अंगीकारावी. दुपारच्या सर्व कुस्त्या थेट दाखवाव्यात, प्रत्येक पोराचे नाव, गाव आणि त्याच्या वस्तादाचे नाव स्पष्ट सांगावे, एखाद्याचा पोकळ घिस्सा किंवा ढाक चांगली बसली तर ती पुन्हा दाखवावी. मात्र शेवटच्या दोन-तीन मानाच्या कुस्त्या त्या दिवशी मैदानावरच पाहू द्याव्यात आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलवर टाकाव्यात. ज्याला मानाची कुस्ती पाहायची आहे तो येईल, आणि आला की त्याच्या खिशातले इनामही येईल. त्याचबरोबर चित्रणाची एक प्रत गावच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात जपून ठेवावी. ड्युमाँट जाळ्याच्या संग्रहापैकी फार थोडे आज उरले आहे. बाकीचा बराचसा सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या खाडीत टाकून दिला गेला, अशी साक्ष अभिनेत्री ईडी अ‍ॅडम्स यांनी १९९६ साली तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयापुढे दिली होती. एवढ्या श्रीमंत देशाची ही अवस्था, तर मोबाइल बदलला की पुसल्या जाणाऱ्या आमच्या चित्रणाची काय कथा!

आपल्याकडेही एक विनंती आहे. दारासिंग यांच्या काळातील लढतींचे चित्रण नसले तरी वृत्तांत आहेत, आणि ते महाराष्ट्रातील वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांत आहेत. विशेषतः १९६८ सालच्या थेझ यांच्याबरोबरच्या लढतीचे समकालीन मराठी वृत्तांत, तसेच त्या काळात जळगाव, धुळे आणि नंदुरबार भागात झालेल्या मोठ्या दंगलींच्या बातम्या आपण शोधून क्रमशः पुनर्मुद्रित कराव्यात. त्या दंगली ज्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या ते वस्ताद आणि प्रेक्षक आता ऐंशीच्या घरात आहेत. बातमी समोर ठेवली तर ते तारखा, जोडी आणि निकाल दुरुस्त करून सांगू शकतील. हे काम या वर्षीच्या यात्रांच्या हंगामापूर्वी सुरू झाल्यास आमच्या भागातील क्रीडाशिक्षक त्यासाठी लागेल ती मदत करतील.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
ता. चाळीसगाव, जि. जळगाव